पंधरा हजार संगणक लिनक्सवर आले आणि परत गेले : म्युनिक महापालिकेचे प्रकरण

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेच्या सभागृहाने २८ मे २००३ रोजी ठरवले, की कचेऱ्यांमधले विंडोज काढून लिनक्स ही मुक्त (कोणालाही वापरता आणि बदलता येणारी) ऑपरेटिंग सिस्टिम आणायची. २०१३ संपता संपता सुमारे पंधरा हजार संगणक ‘लिमक्स’ या महापालिकेच्या स्वतःच्या डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या तयार संचावर, चालू लागले होते. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच सभागृहाने सगळे संगणक विंडोज १० वर न्यायचा ठराव मंजूर केला.

या प्रकरणावर आजही दोन तट आहेत. एक तट म्हणतो, राजकारणाने चांगला प्रकल्प मारला. दुसरा म्हणतो, लिनक्स कचेरीच्या कामाचे नव्हतेच. दोघांच्या हाती थोडा थोडा पुरावा आहे. पण तक्रारी एकेक करून पाहिल्या, तर कर्मचारी ज्यावर चिडले होते त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा लहान होता. मेल, कॅलेंडर, फोन, प्रिंटर, बाहेरून आलेल्या फायली आणि दुरुस्तीला लागणारा वेळ, हा त्या चिडीचा मुख्य भाग. लिनक्स आणण्याचे काम म्युनिकने मन लावून केले. ते टिकवायला ज्या गोष्टी लागतात, त्यांच्याकडे मात्र सगळ्यात शेवटी लक्ष गेले.

ठराव कशाच्या बळावर झाला

महापालिकेत तेव्हा सुमारे १४ हजार संगणक होते आणि बहुतेकांवर विंडोज एनटी ४ होते. त्याला दुरुस्त्या मिळण्याची मुदत संपत आल्यामुळे काहीतरी बदलणे भागच होते. युनिलॉग या सल्लागार कंपनीने पर्यायांची तुलना केली. नुसता खर्च पाहिला तर मायक्रोसॉफ्टचा पर्याय किंचित स्वस्त होता : ३ कोटी ४२ लाख युरो, लिनक्सचा ३ कोटी ५७ लाख. पण धोरणात्मक निकषांवर दहा हजारपैकी लिनक्सला ६,२१८ गुण मिळाले आणि मायक्रोसॉफ्टला ५,२९३. या निकषांचा गाभा एकच होता, एका पुरवठादाराच्या मुठीत किती राहायचे.

मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी अर्धवट टाकून महापौर ख्रिस्तियान ऊडे यांना भेटायला आले. कंपनीची बोली ३ कोटी ६६ लाख डॉलरवरून टप्प्याटप्प्याने २ कोटी ३७ लाखांपर्यंत उतरली. तरी सभागृह ठाम राहिले आणि १६ जून २००४ रोजी अंमलबजावणीच्या आराखड्यावर शिक्कामोर्तब झाले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण पुढे ती महागात पडली. ठराव झाला तो स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. हा मुद्दा महापौरांना आणि खरेदी खात्याला पटतो. जन्मदाखले काढणाऱ्या खिडकीवरच्या माणसाला त्यातून कामाच्या वेळी काहीच मिळत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो फक्त बदल. म्हणून असा ठराव करणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक प्रश्न स्वतःला विचारावा : ज्याच्या टेबलावर हे बसणार, त्याचे कोणते एक रोजचे काम यामुळे सोपे होणार आहे? म्युनिकला याचे एक उत्तर मिळाले होते आणि ते उत्तम होते.

वोलमक्स, म्हणजे त्या प्रकल्पातला सगळ्यात हुशार भाग

काम सुरू झाल्यावर खरे चित्र दिसले. महापालिकेचे आयटी एक नव्हतेच. वीसेक खाती, प्रत्येकाचा आपापला आयटी विभाग, आपले नेटवर्क, वापरकर्त्यांची आपली यादी, आपले टेम्प्लेट, म्हणजे पत्रांचे तयार नमुने. वर्डमध्ये लिहिलेल्या मॅक्रोंचा, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा, तर ढीग साचलेला, आणि त्यातले किती अजून वापरात आहेत हे कोणालाच सांगता येईना.

दुसरा एखादा प्रकल्प इथेच बुडाला असता. म्युनिकच्या चमूने टेम्प्लेटांची मोजदाद केली, दुहेरी निघाले ते काढून टाकले आणि उरलेल्यांसाठी ‘वोलमक्स’ लिहिले. हे ओपनऑफिस या मुक्त ऑफिस संचातल्या रायटरला (वर्डसारख्या प्रोग्रॅमला) जोडायचे, जावा भाषेत लिहिलेले एक्सटेन्शन. पत्र लिहायला घेतले, की लिहिणाऱ्याचे नाव, पद, खाते, खोली, फोन हे सगळे एलडीएपी या कर्मचाऱ्यांच्या मध्यवर्ती यादीतून आपोआप लेटरहेडवर येई. ठरावीक मजकुराचे तुकडे एकाच जागी ठेवलेले असत, त्यामुळे कायद्याचे कलम बदलले तर एका तुकड्यात दुरुस्ती करून भागे. फॉर्ममध्ये एक पर्याय निवडला, की त्याच्याशी संबंधित रकानेच दिसत, बाकीचे लपत. २००८ मध्ये महापालिकेने हे युरोपीय मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले.

कर्मचाऱ्याला लिनक्सचे सोयरसुतक नसते, पण पत्राचा मथळा आपोआप भरला जाणे त्याला लगेच कळते. नवे काही आणताना जुन्यापेक्षा एक तरी काम उघड उघड सोपे झाले पाहिजे. ते पहिल्या आठवड्यात दिसले तर बाकीच्या कुरबुरी माणूस सहन करतो.

बाकी अंमलबजावणीचा क्रमही शहाणपणाचा होता. सुरुवात डेबियन या डिस्ट्रोवर झाली. २००५ मध्ये सॉफ्टकॉन आणि गोनिकस या जर्मन कंपन्यांना मदतीचे कंत्राट मिळाले, आणि चाचणीचे वर्ष लांबून सप्टेंबर २००६ मध्ये पहिले संगणक बदलले. प्रत्यक्षात आधी विंडोजवरच ओपनऑफिस, फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम बसवले. माणूस त्यांना सरावल्यावर खालची प्रणाली बदलली, त्यामुळे त्या दिवशी त्याला ओळखीचेच प्रोग्रॅम दिसले. नेटवर्कवरून आपोआप इन्स्टॉल करायला एफएआय, आणि संगणक व वापरकर्त्यांच्या खात्यांच्या व्यवस्थापनाला गोसा, ही साधने वापरली. पुढे पाया डेबियनऐवजी उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोचा केला.

लक्ष्य ८० टक्के संगणकांचे होते. उरलेले विंडोजवरच राहणार हे पहिल्यापासून मान्य केले होते. ज्या खास प्रणालींना विंडोजच लागे, त्या टर्मिनल सर्व्हरवर (दुरून वापरायच्या विंडोज यंत्रावर) किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) ठेवल्या. शंभर टक्क्यांचा हट्ट धरला असता तर शेवटच्या काही संगणकांनी सगळा पैसा खाल्ला असता.

२०१२ चे आकडे पाहा. लिमक्सवरचे संगणक १,५०० वरून ९,५०० झाले, तेव्हा महिन्याला येणाऱ्या तक्रारींचा कमाल आकडा ७० वरून ४६ वर आला होता. महापालिकेच्या हिशेबात लिनक्सचा एकूण खर्च सुमारे २ कोटी ३० लाख युरो, आणि तेच काम विंडोजवर केले असते तर ३ कोटी ४० लाख. विंडोज एक्सपीची मुदत एप्रिल २०१४ मध्ये संपणार म्हणून शहराच्या ग्रंथालयांतून नागरिकांना लुबुंटूच्या (उबुंटूच्या हलक्या रूपाच्या) दोन हजार सीडी वाटायचेही ठरले. घरच्या जुन्या संगणकावर जे चालेल तेच कचेरीत आहे, हा आधार मोठा असतो.

मग बिघडले कुठे

आवृत्त्या शिळ्या झाल्या, हे पहिले आणि माझ्या मते सर्वात मोठे कारण. उबुंटूची दीर्घ मुदतीची, म्हणजे जास्त वर्षे दुरुस्त्या मिळणारी, आवृत्ती दर दोन वर्षांनी येते. लिमक्स ४ चा पाया उबुंटू १०.०४ होता आणि त्यावर डेस्कटॉप (पडद्यावर दिसणारी मांडणी) होता केडीई ३.५, ज्याची शेवटची आवृत्ती २००८ ची. उबुंटू १०.०४ ची डेस्कटॉपसाठीची मुदत मे २०१३ मध्ये संपली. उबुंटू १२.०४ वर आधारलेले लिमक्स ५ वापरकर्त्यांपर्यंत पोचायला २०१४ ची अखेर उजाडली. म्हणजे २०१४ मध्ये नव्या स्मार्टफोनवरून नजर उचलून माणूस टेबलाकडे पाही, तेव्हा त्याला सहा वर्षांपूर्वीचा पडदा दिसे. त्याने ‘लिनक्स जुनाट आहे’ असा निष्कर्ष काढला तर त्याला दोष कसा द्यायचा? त्याने जे पाहिले ते जुनाटच होते.

हा उशीर आळसाचा नव्हता. आवृत्ती बदलायची, तर वोलमक्स, सगळे टेम्प्लेट, टर्मिनल सर्व्हरची जोडणी, प्रिंटर हे सगळे पुन्हा तपासावे लागे. आपल्यासाठी जितके बदल करून घ्याल तितके पुढच्या आवृत्तीवर जाणे जड होते. त्यातच नवी आवृत्ती कधी लावायची, हे खातेनिहाय ठरे. २०१२ च्या सुधारणेत ‘आयटी ॲट एम’ ही मध्यवर्ती सेवा संस्था उभी राहिली खरी, पण धोरण एकीकडे, सेवा दुसरीकडे आणि खात्यांतले आयटी विभाग तिसरीकडे, अशी तीन घरांची रचना झाली. एखादे खाते नव्या आवृत्तीवर, शेजारचे जुन्यावर. मदतकेंद्रात फोन आला, की आधी ‘तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे’ इथून सुरुवात.

दुसरे, मेल आणि कॅलेंडर. बैठक ठरवणे, बैठकीची खोली राखून ठेवणे, साहेबांचे कॅलेंडर सचिवांनी सांभाळणे, हे मोठ्या कचेरीतले रोजचे काम. यासाठी एकसंध मुक्त प्रणाली म्हणून कोलॅब निवडली गेली, तेव्हा डेस्कटॉपचे स्थलांतर जवळजवळ संपले होते. लोकांना फोनवर मेल आणि कॅलेंडर एकत्र हवे होते आणि ते देण्याची व्यवस्था तयार नव्हती. मे २०१४ मध्ये डीटर राइटर महापौर झाले. नव्या नेतृत्वाने फोनवर मेल मिळायला आठवडे लागल्याची तक्रार जाहीरपणे केली आणि उपमहापौर योझेफ श्मिड यांनी लिमक्सबद्दलच्या नाराजीला तोंड फोडले. मेल सर्व्हर आणि फोन यांच्यातल्या या अडचणीचा टेबलावरच्या लिनक्सशी संबंध नव्हता. तरी बोट त्याच्याकडेच गेले.

याचे कारण समजण्यासारखे आहे. लिमक्सला नाव होते, बोधचिन्ह होते, वर्तमानपत्रांत प्रसिद्धी होती. विंडोजच्या कचेरीत प्रिंटर अडला तर लोक प्रिंटरला शिव्या देतात. म्युनिकमध्ये प्रिंटर अडला तरी लिमक्सच अडले. प्रकल्प जिंकताना नावाचा उपयोग झाला, टिकवताना तेच नाव प्रत्येक बिघाडाचे मालक झाले. डेस्कटॉप एकदा बसला, की त्याचे वेगळे नाव हळूहळू मागे घ्यावे आणि तो नुसता ‘कचेरीतला संगणक’ म्हणून राहू द्यावा, असे मला ठामपणे वाटते.

तिसरे, बाहेरच्या फायली. आतला कारभार ओडीएफ या फायलींच्या खुल्या प्रकारात चालू शकतो, पण राज्य सरकार, वकील, ठेकेदार वर्ड आणि एक्सेलच्याच फायली पाठवतात. त्या उघडतात, पण मांडणी हलते. हे जर्मनीत म्युनिकपुरतेच नव्हते : फ्रायबुर्ग शहराने २००७ मध्ये ओपनऑफिस घेतले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते सोडायचा ठराव केला. तिथे ओपनऑफिसची ३.२.१ ही जुनी आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० शेजारीशेजारी चालू ठेवले होते, त्यामुळे दोन्हींचा त्रास मिळाला आणि फायदा एकाचाही नाही.

राजकारणाचा भागही सांगायला हवा. मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतले मुख्यालय २०१६ मध्ये उंटरश्लाइसहाइमहून म्युनिक शहरात आले, आणि त्या स्थलांतराच्या वाटाघाटींत राइटर महापौर होण्याआधी सहभागी होते. त्याच वर्षी ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीचा महापालिकेच्या आयटीवरचा अहवाल आला. त्याने बोट ठेवले ते प्रामुख्याने रचनेवर : विखुरलेली जबाबदारी, संथ निर्णय, जुन्या आवृत्त्या. ‘आयटी ॲट एम’चे प्रमुख कार्ल-हाइन्झ श्नायडर यांनीही लिमक्स सोडण्याजोगी मोठी तांत्रिक कारणे दिसत नसल्याचे म्हटले होते. तरी फेब्रुवारी २०१७ मध्ये परतीची दिशा ठरली आणि नोव्हेंबरमध्ये ठराव झाला. नव्या विंडोज संगणकांच्या कामालाच सुमारे ५ कोटी युरोंचा अंदाज होता. नुकतेच बसवलेले कोलॅबही गेले. राजकारणाने धक्का दिला हे खरे. पण समाधानी वापरकर्ते पाठीशी असते, तर तो धक्का इतक्या सहज पचला नसता.

क्रम उलटा लावला तर

फ्रान्सच्या राष्ट्रीय जांदार्मरी या पोलीस दलाचे उदाहरण शेजारी ठेवावे. त्यांनी २००५ मध्ये ओपनऑफिस आणले, २००६ मध्ये फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि २००८ पासून उबुंटूवर बेतलेले ‘जेंडबुंटू’. २०२४ च्या मध्यापर्यंत सुमारे १ लाख ३ हजार संगणकांपैकी ९७ टक्के त्यावर होते. एकच आज्ञाशृंखला, मध्यवर्ती आयटी आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कामाच्या प्रणाली, यामुळे ते टिकले. आवृत्ती बदलायची म्हटली की ती सगळीकडे बदलते, कोणाला विचारत बसावे लागत नाही.

हजारेक संगणकांच्या कचेरीत आज हे काम घ्यायचे असेल, तर पहिले सहा महिने लिनक्सला हातही लावू नये. आधी मेल आणि कॅलेंडर कॅलडॅव्ह (कॅलेंडर), कार्डडॅव्ह (पत्ते) आणि आयमॅप (मेल) ही खुली मानके बोलणाऱ्या सर्व्हरवर आणावे. साहेब आणि सचिव यांची जोडी, खोल्यांचे आरक्षण आणि अँड्रॉइड व आयफोन असे दोन्ही फोन, एवढे चालले की पुढे जावे. सुरुवात वरिष्ठांच्या फोनपासून करावी. खुशामत म्हणून नव्हे, तर तिथला बिघाड थेट ठरावापर्यंत पोचतो म्हणून.

मग कागदपत्रे. सर्व्हरवरच्या फायली उघडल्याच्या तारखेनुसार लावाव्यात. वर्षभर कोणी न उघडलेली टेम्प्लेट बाजूला काढावीत आणि उरलेल्यांत मॅक्रो असलेली वेगळी करावीत. मॅक्रोंचे तीन वाटे होतात : टाकून द्यायचे, वेब फॉर्ममध्ये न्यायचे आणि खरोखर पुन्हा लिहायचे. तिसरा वाटा बहुतेक वेळा भीतीपेक्षा लहान निघतो. मांडणी हलण्याचे सर्वात सामान्य कारण फॉन्ट. कॅलिब्री नसेल तिथे कार्लिटो, कॅम्ब्रियाऐवजी कॅलाडिया, एरियल आणि टाइम्सऐवजी लिबरेशन सॅन्स व सेरिफ हे फॉन्ट आधी बसवावेत. त्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली असते, म्हणून ओळी जागच्या जागी तुटतात. बाहेर जाणारे अंतिम पत्र पीडीएफमध्येच जावे.

मराठी कचेरीत हाच प्रश्न जास्त टोकदार होतो. मंगल फॉन्ट विंडोजबरोबर येतो. लिनक्सवर त्याच्या जागी लोहित किंवा नोटो देवनागरी येतो, रुंदी बदलते आणि एका पानाचे पत्र दोन पानांवर जाते. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तर फॉन्ट नसेल तिथे रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर आणि कचेरीभर एकच मुक्त देवनागरी फॉन्ट ठरवणे, हे काम विंडोजवर असतानाच उरकावे. डिजिटल सहीचे टोकन वापरात असेल, तर त्याचा ड्रायव्हर आणि त्या पोर्टलचे सही करण्याचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे खऱ्या टोकनाने तपासावे. नुसत्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

प्रिंटरसाठी कचेरीतल्या प्रत्येक मॉडेलवर चार चाचण्या पुरतात : दोन्ही बाजूंनी छपाई, दुसऱ्या ट्रेमधून छपाई, लेटरहेडचा समास आणि प्रिंटरवर पिन दिल्यावरच निघणारी छपाई. ड्रायव्हरशिवाय आयपीपी या छपाईच्या खुल्या मानकावर चालणारे मॉडेल ठेवावे, हट्टी मॉडेल खरेदीच्या पुढच्या फेरीत बदलावे.

यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम. पहिला पन्नास संगणकांचा गट करताना त्यात उत्साही लोक निवडू नयेत. जास्त छपाई करणारे, जास्त बैठका असणारे आणि बाहेरच्या फायलींवर जगणारे निवडावेत. नवा संगणक येईल तो लिनक्ससहच यावा. जुन्यावर तीच प्रणाली नव्याने घालण्यापेक्षा नवे यंत्र आणि नवी प्रणाली एकदम आली, की वेगाचे श्रेय प्रणालीला मिळते. प्रत्येक मजल्यावर एका माणसाचा आठवड्यातला अर्धा दिवस मदतीसाठी अधिकृतपणे मोकळा ठेवावा. तो मोफत आणि नाराजीने करत असेल, तर तीन महिन्यांत ते थांबते.

आणि आवृत्ती बदलण्याचे वेळापत्रक पहिल्याच कंत्राटात, पैशासकट लिहावे. नवी दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिलमध्ये येते, पहिली दुरुस्त आवृत्ती ऑगस्टच्या सुमारास. तेव्हा तपासणी सुरू केली, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळे संगणक नव्यावर येऊ शकतात. यासाठी कधी निधी, कधी माणसे नाहीत असे झाले, तर स्वतःचे बदल कमी करावेत, नव्या आवृत्तीवर जाणे पुढे ढकलू नये.

म्युनिकमध्येच मे २०२० मध्ये ग्रीन आणि सोशल डेमोक्रॅट पक्षांच्या आघाडीने, तांत्रिक व आर्थिकदृष्ट्या जमेल तिथे खुली मानके आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरायचे, असे करारात लिहिले. पण जास्त लक्ष देण्याजोगे काम उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात चालले आहे. तिथे एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणकांसाठी लिब्रेऑफिस या ओपनऑफिससारख्या मुक्त संचाचा निर्णय झाला. मेल व कॅलेंडर मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज आणि आउटलुकवरून ओपन-एक्सचेंज हा मुक्त मेल सर्व्हर आणि थंडरबर्ड यांच्यावर नेले. चाळीस हजारांहून अधिक मेलखात्यांचे हे काम ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाले, आणि विंडोज काढून लिनक्स आणण्याची पाळी त्यानंतर ठेवली आहे.